भावजयीचा हात बांधणाऱ्या इंदूअक्का

इंदूअक्कांच्या घरात मीठ कुठे असेल, हे खुद्द मिठालाही ठाऊक नसे. अमावास्या उलटली की त्या पदर खोचून स्वयंपाकघरात शिरत आणि फळीवरच्या सगळ्या डब्यांच्या बदल्या करून टाकत. कालपर्यंत साखर जिथे नांदत होती तिथे खाण्याचा सोडा येई, हळदीच्या जागी धणे बसत आणि चहाची पूड थेट देवघराशेजारी जाई. कॉलेजातल्या नोकरीसाठी मी जळगावच्या त्यांच्या घरात वरच्या खोलीत भाड्याने राहायला आले, त्या पहिल्याच सकाळी मी त्यांना मिठाचा चहा पाजला. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले, जिभेवर तो खारटपणा नीट फिरवून पाहिला आणि प्रसन्नपणे म्हणाल्या, "छान. आज तुझ्या मेंदूला काहीतरी काम मिळालं."

माणसाचा मेंदू सवयीच्या सावलीत पेंगतो, असे त्यांचे ठाम मत होते. म्हणून त्या एक दिवसाआड डाव्या हाताने दात घासत, बाजारातून येताना रोज नवी गल्ली धरत आणि मनगटावरचे घड्याळ उलटे बांधत. रिक्षावाले त्यांना बिचकून असत. "नेहमीच्या रस्त्याने नको" असे सांगणारी सवारी त्यांना शहरात दुसरी मिळाली नव्हती. एकदा तर नव्या गल्लीच्या नादात त्या कोणाच्या तरी साखरपुड्याच्या मांडवातून बाहेर पडल्या. रिकाम्या हाताने नव्हे, पेढा खाऊन.

उंची बेताची, केस मानेशी कापलेले आणि कापसाच्या बोंडासारखे पांढरे, चालण्यात घाई आणि बोटे मात्र कमालीची शांत. ती बोटे आयुष्यभर केसापेक्षा बारीक गोष्टी हाताळत आली होती. जन्मल्यानंतर पिल्लाचा मेंदू कसा घडतो, आणि घडल्यानंतरही तो पुन्हा कसा बदलू शकतो, हा त्यांचा अभ्यास. त्यासाठी त्या चोपड्याजवळच्या केळीच्या गावातून निघून बंगळूरला गेल्या, तिथून परदेशी गेल्या, आणि निवृत्त झाल्यावर जळगावात घर बांधून राहिल्या. शेजारच्या डाळमिलमधून येणारा तुरीच्या भाजक्या धुळीचा वास त्यांना फार आवडे. प्रयोगशाळेतल्या औषधांच्या वासाने थिजलेले त्यांचे नाक त्या वासाने पुन्हा खानदेशी झाले, असे त्या म्हणत.

माहेरच्या गावात मात्र त्यांची ओळख 'उंदरांची डॉक्टर' अशी होती. याला कारण त्या स्वतःच. गावच्या शाळेत त्यांचा सत्कार झाला, तेव्हा त्यांनी भाषणात उंदराच्या मिशांबद्दल सांगितले. उंदराची एकेक मिशी म्हणजे एकेक बोट. मेंदूत प्रत्येक मिशीची स्वतःची जागा आखून दिलेली असते. लहानपणीच एखादी मिशी कापली, तर तिची जागा ओस पडते आणि शेजारच्या मिशा तिच्यात पाय पसरतात. हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता. समोरचे शेतकरी गंभीरपणे ऐकत होते. भाषण संपल्यावर अध्यक्ष उठले, त्यांच्या गळ्यात हार घातला आणि अत्यंत आदराने म्हणाले, "अक्का, तुम्ही उंदरांचा इतका खोल अभ्यास केला. आता आमच्या गोदामातले तेवढे घालवून द्या."

त्या हसून बसल्या, पण चेहरा उतरला होता. तो पुन्हा उजळवला त्यांच्या धाकट्या भावाने, नानांनी. नाना केळीचे शेतकरी. बहिणीचे भाषण त्यांनी मान खाली घालून ऐकले होते. घरी येताना ते एकदम म्हणाले, "म्हणजे अक्का, शेजारी बांध कोरतो, तसंच ना? आपण शेत पडीक टाकलं की तो दरसाल एक एक नांगर आत सरकतो."

अक्का रस्त्यात थांबल्या. "नाना, हे मला परदेशातल्या परिषदांत कधी इतकं सरळ सांगता आलं नाही," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांच्या तोंडी मेंदूचे सगळे शास्त्र बांध, नांगर आणि पडीक जमीन यांच्यातूनच येऊ लागले. मी दुपारी झोपले, की खालून हाक येई, "पडीक राहू नकोस गं!"

हे सगळे मौजेचे होते, जोवर मेंदू दुसऱ्या कोणाचे होते. मग एका हिवाळ्यात नानांच्या पत्नीला, शकूवहिनींना, अर्धांगाचा झटका आला.

शकूवहिनी म्हणजे त्या पंचक्रोशीतला मांड्यांचा शेवटचा शब्द. आमच्या खानदेशात पुरणाचा मांडा लाटण्याने लाटत नाहीत. पुरण भरलेला सैल गोळा तळव्यांवर घ्यायचा, या हातावरून त्या हातावर झुलवायचा, झुलवता झुलवता तो कोपरांपर्यंत पसरतो, आणि मग चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर तो अलगद सोडायचा. शकूवहिनींच्या हातांवरचा मांडा मी एकदा पाहिला होता. ओल्या कणकेचा तो पडदा इतका पातळ, की त्याच्याआडून चुलीतला जाळ केशरी दिसत होता. लग्न कोणाचेही असो, खापर तापले की आधी शकूवहिनींना बोलावणे जाई.

त्यांचा उजवा हात गेला. म्हणजे होता, पण मांडीवर ठेवलेल्या कोणा परक्याच्या वस्तूसारखा. बोलणे सुदैवाने शाबूत राहिले. सुदैवाने की कसे, याबद्दल नानांचे मत थोडे वेगळे होते. दवाखान्यातून सुटल्यावर व्यायामाच्या सोयीसाठी त्यांना जळगावात, अक्कांच्या घरी ठेवले. पहिले काही महिने महत्त्वाचे, हाताला जितके काम मिळेल तितके बरे, असे डॉक्टरांनी बजावले होते.

पण शकूवहिनींनी निकाल लावून टाकला होता. "मना हात मरी गया, अक्का," त्या म्हणत. "मरेल माणूसले कोणी कामले लावस का?" आणि सगळे डाव्या हाताने उरकत. अक्का ते पाहत आणि त्यांचा जीव तळमळे. चांगला हात सगळे करू लागला, की मेंदू दुबळ्या हाताला विसरतो, हे त्यांच्याइतके कोण जाणत होते? त्यांनी डॉक्टरांशी चर्चा केली, व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंशी केली, आणि एका सकाळी कपाटातून परदेशातून आणलेला, ओव्हनमधली गरम भांडी उतरवायचा जाड लाल हातमोजा काढला. तो त्यांनी शकूवहिनींच्या चांगल्या, डाव्या हातात चढवला आणि मनगटापाशी नाडीने बांधून टाकला.

"हाई काय करी ऱ्हायनी वं अक्का?" शकूवहिनी ओरडल्या.

"तुझा डावा हात बांध कोरतोय, शकू. त्याला थोडा वेळ कोंडते. रोज सकाळी इतकंच."

"आनि मी खासू कशी?"

"उजव्यानं."

"उपाशी मारशी माले!"

अक्कांनी न्याय म्हणून आपलाही उजवा हात एका लोकरी मोज्यात कोंबला आणि समोर ताट घेऊन बसल्या. इतकी वर्षे डाव्या हाताने दात घासल्याचा त्यांना मोठा अभिमान होता. त्या दिवशी कळले, की दात आपल्या जागी स्थिर असतात, वरण नसते. पहिला घास हनुवटीला गेला, दुसरा पदरावर. शकूवहिनी झटक्यानंतर पहिल्यांदा खुदकन हसल्या. मग स्वतःचा उजवा हात ताटाकडे ढकलताना भात सांडला, तेव्हा तेच हसू रडण्यात मावळले.

अशा गोष्टी भिंतीआड राहत नाहीत. डाळमिलवाल्यांच्या लीलाबाई वाटीभर दही मागायला आल्या, त्यांनी लाल हातमोजा पाहिला आणि दही न घेताच परतल्या. संध्याकाळपर्यंत कॉलनीत, आणि दुसऱ्या दिवशी चोपड्यापर्यंत एकच वार्ता पोचली: शिकलेल्या नणंदेने आजारी भावजयीचे हात बांधून ठेवले आहेत. वार्तेत एका हाताचे दोन झाले होते. काहींच्या मते पायही.

मग भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. जीप भरभरून बायका येत. येताना केळ्यांच्या फण्या आणत, शकूवहिनींच्या गालांवरून हात फिरवून बोटे मोडत आणि केळे सोलून प्रेमाने त्यांच्या तोंडात घालत. "माय वं, कशी वाळी गयी बिचारी! आ कर!" एकीचे झाले की दुसरी. अक्कांनी मोज्यात कोंडलेला हात मोकळा करण्याची कोणाला गरजच उरली नाही. आता दोन्ही हातांना सुट्टी होती. सकाळी कमावलेले दुपारच्या मायेत वाहून जाई.

अक्का दोन दिवस धुमसल्या. मग त्यांनी नियम केला. आमच्याकडे दारी आलेल्याला आधी पाण्याचा तांब्या मिळतो, तो मिळाल्याखेरीज बोलणे सुरू होत नाही. अक्कांनी जाहीर केले, "या घरात पाहुण्याला पाणी शकू देईल. उजव्या हातानं. ते प्यायल्यावर बाकीचं."

कोणाला नाही म्हणवेना. घरच्या लक्ष्मीच्या हातचे पाणी नाकारायचे कसे? शकूवहिनींनाही नाही म्हणवेना, कारण दारी आलेला तहानलेला राहणे त्यांच्या रक्ताला मान्य नव्हते. खांद्यापासून थरथरत तो हात पुढे येई. तांब्या तिरपा होई. पाणी पाहुण्यांपर्यंत पोचे खरे, पण ओठांपर्यंत नव्हे. त्या आठवड्यात जळगावहून चोपड्याला जाणाऱ्या जीपमध्ये कोरड्या नऊवाऱ्या फार थोड्या होत्या. केळी भरवणाऱ्यांची गर्दी आपोआप ओसरली. जाताना बायका पदर पिळत म्हणत, "बरी शे, पन पानी जरा दुरून घ्या."

प्रकरण खरोखर तापले ते शकूवहिनींचे थोरले भाऊ, आबा, आले तेव्हा. पांढरे धोतर, इस्त्रीची टोपी आणि कपाळावर आठी. बहिणीला माहेरी घेऊन जाण्यासाठी ते गाडीच घेऊन आले होते. नाना त्यांच्यामागे अंग चोरून उभे होते. शालकाला विरोध करण्याचे धैर्य त्यांच्यात नव्हते, बहिणीला करण्याचे तर नव्हतेच.

आबा खुर्चीत बसले. शकूवहिनी तांब्या घेऊन आल्या. मी जिन्यात उभी होते. तांब्या आबांच्या ओंजळीवर आला, थबकला, आणि सगळा मांडीवर रिता झाला. धोतरातून पाणी ठिबकत होते. आबा जराही हलले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "पानी गार शे."

मग अक्कांकडे वळले. "इंदूअक्का, तुम्ही शिकेल शेतस. पन मनी बहीन काय तुमना उंदीर शे?"

अक्का खाली वाकून फरशीवरचे पाणी पुसू लागल्या.

आबांनी बहिणीला जवळ बसवले, नाडी सोडून हातमोजा काढला आणि केळे सोलले. "चाल घर. आते तुले काही करानं नही. खाटवर बसी ऱ्हाय. बठ्ठं आम्ही करसूत. आ कर."

शकूवहिनींनी तोंड उघडले. आणि मिटले. केळे ओठांशी तसेच राहिले. बाहेर डाळमिलची घरघर ऐकू येत होती.

"खाटवर? मरापावत?" त्यांनी विचारले.

"मंग काय? तुना दिन गयात कामना."

शकूवहिनींनी भावाकडे पाहिले, मग स्वतःच्या मांडीवरच्या त्या हाताकडे. "आबा," त्या सावकाश म्हणाल्या, "धोतर वाळी गयं का जा तुम्ही. मी येत नही." आणि अक्कांकडे न पाहता डावा हात त्यांच्यापुढे धरला. "घाला तुमना मोजा. पन नाडी ढिली बांधा, कसाई कथाईनी!"

आबा गेले. नाना त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले. दुपारी मला अक्का मागच्या अंगणात कडुलिंबाखाली बसलेल्या दिसल्या. ऊन पानांतून गळून त्यांच्या केसांवर ठिपके मांडत होते.

"उंदराचं पिल्लू बरं गं," त्या म्हणाल्या. "ते कधी कसाई म्हणत नाही." मग थांबून, "लहानपणी मेंदूच्या खिडक्या उघड्या असतात. मोठेपणी मिटतात. पण त्यांना कडी लागत नाही, असं मी जन्मभर लिहीत आले. हिच्या बाबतीत कडी लागलेली निघाली, तर? नाना मला काही बोलणार नाही. तो नुसता माझ्या घरी यायचा थांबेल."

लिंबाचा मोहोर कडू-गोड दरवळत होता. थोड्या वेळाने त्या उठल्या आणि शकूवहिनींना मटार सोलायला बसवायला आत गेल्या.

आखाजी आली. आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा लेकींचा सण. झाडांना झोके, माठांत गार पाणी, घरोघरी आमरस आणि मांडे. अक्का थोरल्या लेकीच्या मानाने चोपड्याजवळच्या माहेरी निघाल्या, सोबत शकूवहिनींना आणि मलाही घेतले. अंगणात चूल पेटली, खापर तापले, कणीक अक्कांनी तिंबून दिली. पण खापरापुढे बसायचे कोणी? सगळ्यांच्या नजरा शकूवहिनींकडे गेल्या आणि संकोचून परत आल्या. शकूवहिनी खाटेवर बसून होत्या. दूध तापवण्याइतका, वेणीचा पेड धरण्याइतका त्यांचा हात आता हलत होता. पण मांडा ही गोष्ट वेगळी. मांडा दोन सख्ख्या हातांचे काम.

"मी करते," अक्का म्हणाल्या.

बायकांनी एकमेकींकडे पाहिले. अक्कांना साधी भाकरी थापता येत नसे, हे त्यांच्या माहेरात सर्वश्रुत होते.

"मोठेपणीही मेंदू नवं शिकतो," त्यांनी चुलीपुढे बैठक मारत जाहीर केले आणि गोळा तळव्यावर घेतला. त्याला झुलवायचे म्हणून त्यांनी असा काही हिसका दिला, की तो मनगटावरून कोपरावर आणि कोपरावरून चोळीच्या बाहीवर चढला. तिथून तो सोडवायला गेल्या, तर पुरण फुटून पायावर आणि चुलीत सांडले. वेलचीचा आणि जळक्या गुळाचा वास उठला. पोरीबाळी तोंडात पदर कोंबून हसत होत्या. दुसरा गोळा भोकाभोकांचा झाला. तिसरा त्यांनी मोठ्या निश्चयाने उंच धरला, तो दोन्ही कोपरांमधून ओघळून लोंबू लागला, आणि अक्का हात पसरून कोणाला तरी कवटाळायला निघाल्यासारख्या चुलीपुढे उभ्या राहिल्या.

"अशी नही वं अक्का!" खाटेवरून हाक आली.

"मग कशी?"

"तळवा वर! वर! अवं, बोटं कसाले खुपसी ऱ्हायनी? आग लागो त्या मेंदूले!"

आणि शकूवहिनी उठल्या. रागारागाने चुलीपाशी आल्या, अक्कांना खांद्याने बाजूला सारले आणि तो लोंबणारा मांडा स्वतःच्या हातांवर ओढून घेतला. दोन्ही हातांवर. एक झोका डावीकडे. मग कणीक उजव्या तळव्यावर आली, पसरली, कोपराकडे सरकली. पुन्हा एक झोका. कड पातळ झाली, उन्हात चकाकली.

आणि उजवा हात खचला. मांडा घसरून चुलीतल्या राखेत पडला.

शकूवहिनी राखेकडे पाहत राहिल्या. त्यांचा चेहरा आक्रसला. "पडी गया," त्या म्हणाल्या, आणि त्यांना हुंदका आवरेना. "पाह्यलं ना अक्का? पडी गया."

अक्का उकिडव्या बसल्या. बाहीला कणीक, पायांना पुरण, केसांत पीठ.

"हा, पडी गया," त्या म्हणाल्या. जन्मभर बाहेर राहिलेल्या त्या बाईच्या तोंडी अहिराणी फक्त फार आनंदात येई. "पन शकू, उजवा हातमाईन पडी गया! मरेल हातमाईन काही पडत नही!"

शकूवहिनींनी डोळे पुसले. नाकही. काही वेळ त्यांनी या वाक्याचा विचार केला. मग वळून म्हणाल्या, "नाना कथा शेतस? त्यासले सांगा, कणीक थोडी ढिली करा. अक्कानी दगड तिंबेल शे." त्या दिवशी सगळ्यांनी बाहेरून आणलेल्या पोळ्यांशी आमरस खाल्ला. पण शकूवहिनी संध्याकाळ होईतो खापरापुढून उठल्या नाहीत. जो एक मांडा त्यांना जमला, तो जाड होता आणि कुठल्याशा तालुक्याच्या नकाशासारखा वेडावाकडा होता. नानांनी तो एकट्याने खाल्ला आणि कोणालाही तुकडा मोडू दिला नाही.

त्यानंतर माझी धुळ्याच्या कॉलेजात बदली झाली. निघण्यापूर्वी मी त्यांच्या गावी निरोप घ्यायला गेले, तेव्हा अक्का तिथेच होत्या. बसच्या थांब्यावर दोघी मला पोचवायला आल्या. उन्हात धूळ सोनेरी झाली होती, आणि केळी भरलेला ट्रक गेला त्याचा हिरवा, ओलसर वास मागे राहिला होता. मी बसमध्ये चढले, खिडकीपाशी बसले. अक्कांना काय म्हणायचे, ते मी मनात जुळवत होते.

बस हलली. शकूवहिनींनी मला निरोप द्यायला हात वर केला. उजवा. तो छातीपर्यंत आला, खांद्यापर्यंत आला, थरथरला.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलेच नाही. त्या कमरेत वाकून, मान तिरकी करून भावजयीच्या त्या कोपराकडे पाहत होत्या. जणू तिथे सूर्य उगवत होता. "अजून वर, शकू!" त्यांचा आवाज बसच्या आवाजावर चढला. "अजून वर!"

"माय वं, ती पोरगी जाई ऱ्हायनी!" शकूवहिनी त्यांच्यावर खेकसल्या. "तिले तं पाह्य एकदाव!"

अक्कांनी काही पाहिले नाही. बस वळली तेव्हा तो हात डोक्याच्या वर पोचला होता.